पूजा केलेला कॅमेरा

कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा. तोंड उत्तरेला ठेवायचं, म्हणजे उगवतीचं किंवा मावळतीचं ऊन त्याच्या डोळ्यात जात नाही. समोरचं गवत आणि लोंबणारी पानं कापून टाकायची, नाहीतर वाऱ्यानं हललेल्या प्रत्येक पानाचा फोटो निघतो आणि कार्ड भरून जातं. आठही सेल एकाच दिवशी घेतलेले, एकाच जातीचे घालायचे. कार्डाच्या बाजूला नखाएवढी कळ असते. ती चुकून खाली सरकली तर कॅमेरा फोटो काढतो असं वाटतं, पण कार्डावर काही उतरत नाही. तारीख-वेळ आधी लावून घ्यायची. बांधून झालं की आपणच जनावरासारखं ओणवं होऊन त्याच्यापुढून चालायचं. लाल दिवा लुकलुकला, तर कॅमेऱ्यानं आपल्याला पाहिलं.

असे बावीस मुद्दे माझ्या वहीत आहेत. तृप्तीनं सांगितलेले, माझ्या अक्षरात. तृप्ती म्हणजे माझ्या भाच्याची, योगेंद्रची मुलगी. ती भोपाळला जंगलातल्या प्राण्यांचा अभ्यास करते. परवा फोनवर म्हणाली, "आजी, तुझी वही नीट लिहून काढ ना. आता कितीतरी शेतकरी असे कॅमेरे लावू लागलेत. कामाला येईल त्यांच्या."

म्हणून लिहायला बसले. पण नऊ नंबरच्या मुद्द्यापाशी आले की पेन थांबतं. तो मुद्दा असा आहे: 'भिंगाच्या खाली दुधी रंगाचा फुगीर डोळा असतो. फोटो भिंग काढतं. पण समोर जनावर आलं हे, त्याच्या अंगाच्या उष्णतेवरून, या दुधी डोळ्याला कळतं. तो कायम स्वच्छ ठेवणे.' अक्षर सुरेख आहे. एकतीस वर्षं मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या बाईचं आहे. त्यापुढे लाल पेनानं बरोबरची खूण आहे, तीही माझीच.

मी निंबोल्याची लेक. लग्न होऊन बऱ्हाणपुरात राजपुऱ्यात गेले, तिथून यजमानांबरोबर कागद कारखान्याच्या कॉलनीत. तिथल्या मराठी शाळेत नोकरी केली. तेव्हा कॉलनीत महाराष्ट्रातून आलेली कितीतरी कुटुंबं होती. गणपतीत आमच्या शाळेतली मुलं नाटुकली करायची आणि मी पडद्यामागून वाक्यं सांगायची. यजमान गेले, कॉलनी रिकामी होत गेली, आणि सहा वर्षांपूर्वी योगेंद्र मला माहेरी घेऊन आला. भाऊ तोवर गेला होता. योगेंद्र आणि त्याची बायको रंजिता यांनी मला कशाचीही कमी पडू दिली नाही. पण काम कुणी सांगत नसे. भाजी निवडायला घेतली तर रंजिता म्हणायची, "राहू द्या आत्या, तुम्ही आराम करा." आराम किती करणार माणूस?

त्या वर्षी आमच्या टेकडीकडच्या केळीत झाडं पडू लागली. चार महिन्यांची, कंबरेएवढी झाडं. सकाळी जाऊन पाहावं तर तीन आडवी, कधी पाच. बुंध्याशी तिरका घाव घातल्यासारखी. आमच्या भागात वैरापोटी एकमेकांची केळी कापल्याच्या गोष्टी नव्या नाहीत, त्यामुळे योगेंद्रच्या मनात पहिली शंका माणसाचीच आली.

मोतीरामभाऊंना मात्र तसं वाटत नव्हतं. ते आमचे राखणदार. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, वाळकुडे, खांद्यावर कायम गमछा. पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून दोन खणांच्या घरात ते आणि त्यांची बायको सरुबाई राहत.

"भाऊ, विळ्याचा घाव असा नसते," ते योगेंद्रला म्हणाले. "हे दातानं कुरतडेल हाये. खालचा गोड कंद खायाले येते. सायाळ हाये ही." सायाळ म्हणजे साळिंदर. त्यांनी एक काटाही आणून दाखवला, काळा-पांढरा, वीतभर.

योगेंद्रनं काटा बोटांत फिरवला. "बाबा, काटा तो कुठूनही आणता येतो. पन्नास वर्षांत आपल्या केळीत कधी सायाळ आली का?"

"पन्नास वर्षांत टेकडीवरचं जंगल बी असं नव्हतं उघडं झालेलं, भाऊ."

योगेंद्र गप्प बसला, पण त्याच्या गप्प बसण्यात काय होतं ते आम्हाला घरात माहीत होतं. श्रावणातच त्यानं मोतीरामभाऊंना सांगितलं होतं की आता तुमचं वय झालं, दिवाळीनंतर तुमच्या जागी चंदनला ठेवतो. चंदन म्हणजे आमच्या मुकादमाचा पुतण्या. मोतीरामभाऊ 'बरं' म्हणाले होते. आता योगेंद्रला वाटत होतं, म्हातारा मनात धरून बसलाय.

तृप्ती दसऱ्याला आली ती कॅमेरा घेऊनच. "पप्पा, भांडू नका कुणाशी. आठ दिवस हा लावा. जे असेल ते फोटो में आ जाएगा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि हा सांभाळणार कोण? आजी सांभाळेल. बाकी सगळे घाईचे लोक आहेत."

दुपारभर तिनं मला ओसरीवर शिकवलं. मी वही उघडून मुद्दे लिहून घेतले. ओणवी होऊन कॅमेऱ्यापुढून चालले तेव्हा रंजिता पदर तोंडाला लावून हसत होती, आणि लाल दिवा लुकलुकला तेव्हा मला खरंच दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. विळे, कोयते, फावडी, ट्रॅक्टर, मोटारीचा स्टार्टर, तोलकाटा, रंजिताचं शिलाई मशीन. लहानपणी वडिलांच्या मागं ताट घेऊन मीच फिरायची. आता पुन्हा ते ताट माझ्या हातात आलं होतं. प्रत्येकाला हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, अक्षता, गुळाचा खडा. ओसरीवर कॅमेरा ठेवलेला होता. तोही यंत्रच, तोही आता घरच्या कामाला लागणार. भिंगाला कुंकू लावायचं नाही एवढं मला कळत होतं. वरच्या बारीक दिव्यांनाही नको. मग मधोमध एकच कोरी, फुगीर, गोल जागा उरत होती. तिथं मी ओली हळद लावली, त्यावर ठसठशीत कुंकू, त्यावर अक्षता चिकटवल्या, आणि गुळाचा ओलसर खडा जरासा टेकवला. नमस्कार केला. तृप्ती तेव्हा बॅग भरत होती. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.

एकादशीच्या सकाळी कॅमेरा केळीच्या शेवटच्या ओळीपाशी बांधला. बांधला कुणी? मोतीरामभाऊंनीच. मी उंची दाखवली, त्यांनी बाभळीच्या बुंध्याला पट्टा आवळला.

"ताई, दिशा?"

"उत्तर."

"मंग ठीक हाये. तिकडूनच येते ती." आणि हसून म्हणाले, "आता काढू द्या तिचा फोटो. मले बी एक द्या, घरात लावीन."

तिथं मी पुन्हा चालून पाहिलं नाही. परवा ओसरीवर पाहिलं होतं, झालं की. शिवाय मोतीरामभाऊंसमोर ओणवं चालायची लाज वाटली.

आठ दिवसांत आणखी अकरा झाडं पडली. नवव्या दिवशी सकाळी मी कार्ड काढून आणलं. घराच्या पुढच्या ओट्यावर केळी कापणाऱ्या मजुरांची टोळी चहा पीत बसली होती. ओट्याला इकडे वट्टा म्हणतात, आणि आमच्याकडे सकाळचा चहा तिथंच होतो. योगेंद्रनं लॅपटॉप ओट्यावरच उघडला. मुकादम देवराम, चंदन, सगळे वाकून बघू लागले.

कार्डावर चारच फोटो होते. पहिला बांधतानाचा, माझ्या लुगड्याच्या काठाचा. मग आठ दिवसांतले फक्त तीन, एकाच वेळचे, एकापाठोपाठ. एकात मोठा पसरलेला पंजा. दुसऱ्यात अर्धा चेहरा, उजेडानं पांढरा पडलेला, एक डोळा मिटलेला. तिसऱ्यात गमछ्याचं टोक. तारीख, बांधल्याच्या दुसऱ्या दिवसाची. वेळ पहाटेची. त्यानंतर काही नाही. कुत्रं नाही, मांजर नाही, आमची येणारी-जाणारी माणसंसुद्धा नाहीत.

"लो," योगेंद्र म्हणाला. "पूरा हात आलाय. म्हणजे त्यानंतर यांनीच मशीनला काहीतरी केलं."

"मोतीरामबाबा हिरोच दिसू राहिले," देवराम म्हणाला आणि टोळी हसली.

मोतीरामभाऊ ओट्याच्या पायरीशी उभे होते. ते पुढं आले, फोटो पाहिला. "मुंग्या होत्या," ते म्हणाले. "लाल मुंग्या चढेल होत्या डब्यावर. मी गमछानं झटकल्या."

"प्लास्टिकच्या डब्यावर मुंग्या काय खायला येतील, बाबा?"

"आता ते मुंग्यायले इचारा."

पुन्हा हसू. योगेंद्र हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आत्या, तू सांग. मशीन खराब आहे का?"

सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. किती वर्षांनी कुणी मला काही विचारत होतं. मी उठले, कॅमेरा सोडवून आणला होता तो मांडीवर घेतला, वही उघडली आणि लाल पेन काढलं. सेल पाहिले, भरलेले. कार्डाची कळ वर. तारीख बरोबर. भिंगावर धुकं नाही. एकेका मुद्द्यापुढे बरोबरची खूण करत गेले. मजूर बघत होते, आणि मी मुद्दाम सावकाश करत होते. नवव्या मुद्द्यापुढेही खूण केली. न पाहता.

खरं तर दिसत होतंच की. कुंकू समोरच होतं, मातीनं आणि दवानं घट्ट होऊन बसलेलं. पण पूजेचं कुंकू कुणाला दिसतं? दाराच्या चौकटीवरचं दिसतं का, तिजोरीवरचं दिसतं का?

"मशीन चांगलं आहे," मी म्हटलं. "सगळं तपासलं मी. मशीनला कुणाची भीड नसते, मोतीरामभाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी चुकीचं काहीतरी वाचतेय आणि आता स्वतःच दुरुस्त करेन, अशी वाट बघत असल्यासारखं. मी वही मिटली.

"बरं," ते म्हणाले. बॅटरी आणि काठी ओट्यावर ठेवली. मोटारीच्या खोलीची किल्ली कमरेच्या करदोट्यातून सोडवून बॅटरीशेजारी ठेवली. दुपारी टेम्पो आला. सरुबाई भांडी भरताना मोठ्यानं, कुणाला न बघता म्हणाली, "चोपन्न वर्सं जनावरं हाकलली, आता आम्हीच जनावर झालो!" ते दोघं धूलकोटला लेकीकडे गेले.

घरात त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. "आत्या तो डिटेक्टिव्ह निकली," योगेंद्र जेवताना म्हणाला. रंजितानं मला दुसरी पोळी तूप लावून वाढली.

तिसऱ्या दिवशी मी कॅमेरा आवरून ठेवायला घेतला. ओल्या फडक्यानं पुसला, तर फडकं लाल झालं. मी आणखी पुसलं. तांदळाचे दोन दाणे निघाले, त्यांच्याखाली गुळाचा तपकिरी चिकटा, आणि त्यात चार-पाच मेलेल्या मुंग्या. त्याखाली दुधी डोळा.

मी कॅमेरा चालू करून ओसरीवर ठेवला आणि त्याच्यापुढून चालले. नीट, ताठ. लाल दिवा लुकलुकला. दहा हातांवरून घरची मांजर गेली, तरी लुकलुकला. मग मी डब्यातलं कुंकू घेतलं, ओलं केलं, त्या डोळ्यावर पुन्हा तसंच थापलं आणि चालले. दिवा बंद. अगदी जवळ, नाक टेकेल इतकं वाकले आणि हात फिरवला, तेव्हा कडेच्या मोकळ्या जागेतून त्याला मी एकदाच दिसले. जसे मोतीरामभाऊ मुंग्या झटकताना दिसले होते.

मी फडकं धुतलं. लाल पाणी न्हाणीत ओतलं आणि वरून दोन तांबे पाणी टाकलं.

त्याच वेळी ओट्यावर जाऊन सांगितलं असतं तर ही गोष्ट एका चुकीची झाली असती. मी सांगितलं नाही. मी चंदनला घेऊन कॅमेरा पुन्हा त्याच बाभळीला बांधला, आणि तीन दिवसांनी कार्ड काढलं, ते माझ्या खोलीत दार लावून पाहिलं. साळिंदर होतं. काटे फुलवलेलं, तोंड केळीच्या बुंध्यात. पुढच्या फोटोत त्याच्यामागं पिलू. ससा उलटा विंचरल्यासारखं.

कार्ड मी बटणांच्या डबीत ठेवलं. योगेंद्रनं विचारलं तेव्हा म्हटलं, "यावेळीही काही नाही." तृप्तीचा फोन आला, "आजी, मिळालं का काही?" तिलाही म्हटलं, "नाही ग."

अकरा दिवस मी असं केलं. का केलं ते मला माहीत आहे. वाईटपणाची भीती नव्हती. या वयात कोण काय करणार? पण ओट्यावर सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं होतं ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. पुन्हा 'राहू द्या आत्या' ऐकायचं नव्हतं. तेवढ्यासाठी मी एका माणसाचं नाव गहाण टाकलं.

आणि माझी आठवण फार चांगली आहे. विसरभोळी असते तर थोडी सूट मिळाली असती. एकाहत्तर साली माझं लग्न झालं. पाठवणीच्या गडबडीत माझ्या हातातली सोन्याची पाटली पडली, ती राजपुऱ्यात पोचल्यावर लक्षात आलं. सासरी कुणी बोललं नाही, पण सासूबाईंचं लक्ष माझ्या रिकाम्या मनगटाकडे जात होतं. तिसऱ्या दिवशी दाराशी मोतीराम उभा. बैलांपुढं टाकायला कडबा उपसताना सापडली म्हणाला. धोतराच्या सोग्यात बांधून निंबोल्याहून चालत आला होता. सासूबाई म्हणाल्या, जेवून जा. तर म्हणाला, बैलं तहानेली असतील. पाणी पिऊन गेला. ती पाटली आजही माझ्या हातात आहे. ओट्यावर लाल पेन धरलं होतं तेव्हाही होती, आणि मला हे सगळं तेव्हाही आठवत होतं.

मोतीरामभाऊ गेले तरी झाडं पडतच होती. एखाद्यानं यावरून शहाणपण घेतलं असतं. योगेंद्रनं उलटं घेतलं. "किसी को भेजता होगा," तो म्हणाला. "सोमवारी ठाण्यात अर्ज देतो. फोटो आहे आपल्याकडे." शुक्रवारी त्यानं अर्ज लिहिलाही. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणला. त्यात 'मोतीराम' हे नाव चार वेळा होतं. मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

शनिवारी, बऱ्हाणपूरला डोळे दाखवायला जाते असं सांगून मी निघाले. एका स्टुडिओत साळिंदराचा फोटो मोठा करून घेतला आणि गाडी बदलून धूलकोटला गेले. लेकीचं, सुनीताचं घर विचारत पोचले. सरुबाई अंगणात कापूस निवडत होती. मला बघून हात थांबवला नाही.

"या," ती म्हणाली. "फोटो काढाया आल्या काय?"

सुनीतानं खाट टाकली, पाणी दिलं. मोतीरामभाऊ आतून आले. दाढी वाढली होती. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: दसरा, हळद, कुंकू, गूळ, मुंग्या, फडकं. बटणांची डबी. लपवलेले दिवस. शेवटी अर्जातली वेलांटी.

"म्हंजे," सरुबाई म्हणाली, "कुकू लावलं तुम्ही, अन् तोंड काळं झालं आमच्या मानसाचं?"

"हो," मी म्हटलं.

मोतीरामभाऊ फोटो लांब धरून बघत होते. त्यांचा चेहरा सैल झाला. "पिलू बी हाये," ते म्हणाले. "बघ सरू. मी म्हनलो होतो ना, ही जड चालू राहिली म्हून." सरुबाईनं मान वळवून पाहिलं. क्षणभर ती दोघं त्या फोटोत रमली, आणि मला वाटलं, झालं. संपलं.

मग त्यांनी फोटो परत माझ्या हातात दिला.

"हा मले काय दाखवता, ताई? मले त पहिलेपासूनच माहीत होतं."

मी फोटो पिशवीत ठेवला.

"दोन गाड्या बदलून इथवर आल्या तुम्ही," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "वट्टा त घराले लागूनच हाये."

परतताना गाडीत मला जागा मिळाली होती, तरी बसवेना.

रविवारी मी काही बोलले नाही. सोमवारी सकाळी ओट्यावर चहा आला, टोळी बसली, योगेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. अर्ज खिशात घडी करून ठेवलेला दिसत होता. मी कॅमेरा, वही, कुंकवाची डबी आणि फोटो घेऊन ओट्यावर आले, त्या दिवशी बसले होते त्याच जागी. पण यावेळी बसले नाही.

"मोतीरामभाऊंनी कॅमेऱ्याला काही केलं नव्हतं," मी म्हटलं. "मी केलं होतं."

मग त्या दुधी डोळ्यावर सगळ्यांसमोर कुंकू थापलं आणि त्याच्यापुढून चालले. ओणवी होऊन. गुडघे वाजले. दिवा लागला नाही. पुसलं, पुन्हा चालले. दिवा लागला. मग फोटो दाखवला, त्यावरची तारीख दाखवली, आणि तो किती दिवस कुठं होता ते सांगितलं.

रंजिता दारात होती. ती म्हणाली, "आत्या, आधी घरात बोलायचं ना. असं सगळ्यांसमोर..."

"म्हटलं होतं सगळ्यांसमोरच," मी म्हटलं.

योगेंद्रनं फोटो हातात घेतला नाही. "ग्यारह दिन, आत्या?" एवढंच म्हणाला. खिशातला कागद काढून त्याच्या घड्या मोडत, घालत राहिला.

देवरामनं फोटो घेतला. तो टोळीतून फिरला. "पोरगं त मस्त हाये," कुणी म्हणालं. "बाई, मशीनची पूजा केली, आता सायाळची बी करा म्हंजे ती बी आंधळी होईल." सगळे हसले. त्या दिवशी मोतीरामभाऊंवर हसले होते तसंच, अगदी तितकंच. मग कप खाली ठेवून कामाला निघून गेले. मला वाटलं होतं कुणीतरी रागावेल.

योगेंद्र त्याच दिवशी मोटारसायकलनं धूलकोटला गेला. मोतीरामभाऊंनी त्याला जेवायला घातलं. राग नाही म्हणाले. परत मात्र यायचं नाही म्हणाले. "दिवाळीनंतर तसंही जायाचंच होतं, भाऊ." योगेंद्रनं ते मला सांगितलं आणि स्वतःच्या ताटाकडे बघत राहिला. त्यानंतर त्यानं मला कधी दोष दिला नाही. काम मात्र सांगू लागला. कॅमेरा अजून माझ्याकडेच आहे. त्यानं तो काढून घेतला असता तर बरं वाटलं असतं.

संक्रांतीनंतर एकदा मोतीरामभाऊ आले. काठी न्यायला, आणि लेकीच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायलाही. ओट्यावर चहा घेतला. मी तिळगूळ दिला, त्यांनी घेतला. मग चंदनला घेऊन केळीत गेले, टेकडीच्या पायथ्याशी साळिंदराचं बीळ कुठं आहे ते दाखवलं, आणि केळीच्या त्या कडेला हातभर उंचीचा पत्रा कसा पुरायचा ते समजावलं. मी लांबून पाहत होते. जवळ गेले नाही. संध्याकाळच्या आधी ते गेले. आता पत्रा लावलाय. झाडं पडत नाहीत.

महिन्याच्या शेवटी मी कार्ड काढलं. एक मोर, दोन रानडुकरं, चंदन, चंदन, पुन्हा मोर. आणि मधे, मोतीरामभाऊ आले त्या दिवशीचे, दुपारचे तीन फोटो. मोठा पसरलेला पंजा. अर्धा चेहरा, एक डोळा मिटलेला. गमछ्याचं टोक.

डोळ्यावर तेव्हा झटकायला काही नव्हतं, कुंकू नाही, गूळ नाही, मुंगी नाही. आदल्याच दिवशी मी पुसला होता.